सतरा नंबर, डावा गाल

१

माझं काम चेहऱ्यांचे फोटो काढण्याचं आहे. समारंभातले नाहीत, पासपोर्टचेही नाहीत. त्वचेची क्रीम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे हनुवटी टेकवायला एक वाटीसारखी खाच, कपाळ टेकवायला एक पट्टी आणि दोन बाजूंना दोन दिवे आहेत. बाई येते, तोंड धुते, बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसते, म्हणजे त्वचा शांत होते. मग आत येऊन हनुवटी टेकवते. मी म्हणते, "डोळे मिटा, हसू नका." हे ऐकलं की माणसाला हसू येतंच, म्हणून पहिला फोटो मी वाया गेला असं धरूनच चालते.

अकरा वर्षं हे काम केल्यावर माणसं मला कपाळावरून, डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून लक्षात राहतात. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण उन्हात गाडी चालवतं, कोण चष्मा लावायला लाजतं, सगळं चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. मला ते वाचायला आवडतं. चेहरा पुसट झाला की आमच्या कंपनीला आनंद होतो आणि मला कुठेतरी थोडंसं वाईट वाटतं, पण पगार त्याचाच मिळतो.

त्या वर्षी आमच्याकडे सतरा नंबर आला. म्हणजे आमच्या केमिस्ट बाईंनी सोळा मिश्रणं फेकून दिल्यावर जमलेलं सतरावं. या बाईंना सगळे काटेबाई म्हणतात, कारण त्या चहातली साखरसुद्धा काट्यावर तोलून घालतात. सतरा नंबरात व्हिटॅमिन एचा एक प्रकार होता, पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक ॲसिड होतं आणि काटेबाईंनी स्वतः घडवलेलं एक पेप्टाइड होतं. "पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटासा तुकडा," त्या मला म्हणाल्या. "त्वचेला निरोप देतो. झोपू नकोस, कामाला लाग, एवढाच."

बारा बायका निवडल्या. आठ आठवडे डाव्या गालाला, म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळ्या डाव्या बाजूला, सतरा नंबर आणि उजव्या बाजूला तीच क्रीम, पण औषधाशिवाय. दर दोन आठवड्यांनी फोटो. ऐन वेळी एका बाईनं नाही म्हटलं आणि मी रिकाम्या जागी माझ्या आईला घुसवलं. नातेवाईक घ्यायचे नाहीत असा नियम आहे. फॉर्मवर मी "ओळखीच्या" असं लिहिलं. खोटं नव्हतं ते.

२

आईनं पस्तीस वर्षं पडदे आणि गणवेश शिवले. सुईत दोरा ओवताना डावा डोळा गच्च मिटायची तिची सवय. त्यामुळे डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे वर जाणाऱ्या पाच सुरकुत्या तिला होत्या, पंखा उघडावा तशा. ओठांवर बारीक उभ्या रेघा होत्या, त्या टाचण्या ओठात धरून धरून पडलेल्या. लहानपणी तिच्या मांडीवर झोपून मी त्या पाच रेघा बोटानं मोजायचे.

दुसऱ्या आठवड्यात फारसं काही नव्हतं. चौथ्या आठवड्यात मी आकडे काढले आणि खुर्ची मागे सारून उभीच राहिले. अशा क्रीमनं सुरकुतीची खोली दहा टक्क्यांनी कमी झाली तर आम्ही एकमेकींचे हात हातात घेतो. इथे चाळीस होते. बाराही जणींना. मी पुन्हा मोजलं. मग जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत काटेबाईंकडे गेले.

त्यांनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकीलाही कमी नाही?"

"नाही. सगळ्या जवळजवळ सारख्याच."

"सारख्याच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चहा केला आणि माझ्यादेखत डब्यातून तीन चमचे साखर न तोलता त्यात टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच असावं. आम्ही दोघी त्या गोडमिट्ट चहाचे घोट घेत खुळ्यासारख्या हसत होतो.

कुठल्या बाजूला खरं औषध आहे हे बायकांना सांगायचं नसतं. आता सांगायची गरजच उरली नव्हती. बाहेरच्या बाकावर त्या एकमेकींचे डावे गाल बघत होत्या, हात लावून पाहत होत्या, कौतुक करत होत्या. आई घरी आरशासमोरून हलायला तयार नव्हती. उजवीकडून बघितलं की माझी एकसष्ट वर्षांची आई, डावीकडून बघितलं की तिची कुणी धाकटी बहीण.

"आता तुला कुणी विचारलं तर आई म्हणू नकोस, ताई म्हण," ती म्हणाली.

"अर्ध्या तोंडाला ताई आणि अर्ध्याला आई म्हणते."

"चालेल," ती म्हणाली, आणि इतकी खुशीत होती की भाजीत मीठ दोनदा पडलं आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

३

सहाव्या आठवड्यात चार नंबरच्या फोटोत मला ती खूण दिसली.

चार नंबर म्हणजे बेकरीवाल्या बाई. गोल चेहरा, भट्टीसमोर उभं राहून लालसर झालेले गाल, दाट भुवया. त्या दाट डाव्या भुवईत, शेपटाकडच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढी जागा रिकामी होती. केसच नव्हते. मोठं करून पाहिलं तर तिथून एक पांढरट रेघ तिरकी गेलेली. जुनी जखम भरून आली की उरते तशी.

मी पहिल्या दिवसाचा फोटो काढून शेजारी ठेवला. त्यात भुवई अखंड होती.

लेन्सवर कण असेल, असं मनात म्हणत मी लेन्स पुसली, दिव्यांच्या काचाही पुसल्या. तरी स्वस्थ बसवेना, म्हणून बाकीच्यांचे त्या दिवशीचे फोटो उघडले. नऊ नंबर, पोहायला शिकवणाऱ्या बाई. उंच, सावळ्या, रुंद कपाळाच्या. डावी भुवई, शेपटाकडे, तेवढीच रिकामी जागा, तशीच तिरकी रेघ.

लेन्सवरचा कण असता तर फोटोत त्याच जागी दिसला असता. पण या दोघींच्या भुवया एका उंचीवर नाहीत. ही खूण फोटोत एका जागी नव्हती, भुवईत एका जागी होती. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी हात मांडीवर ठेवून थोडा वेळ दिव्यांचा बारीक गुंजारव ऐकत बसले. ते दिवे नेहमीच गुंजतात. त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो आवाज कुणीतरी तोंड मिटून गुणगुणल्यासारखा वाटला.

मग मी बारा नंबर उघडला. आईची भुवई विरळ आहे, त्यामुळे बघायला वेळ लागला. पण होती.

४

क्रीमनं केस गळू शकतात. व्हिटॅमिन एनं त्वचा सोलवटते. बायका क्रीम चोळताना बोट भुवईवर नेत असतील, सगळ्यांचं नख तिथेच लागत असेल. सकाळपर्यंत मी स्वतःला इतकं पटवलं होतं की वहीत "भुवईजवळ जळजळ?" असं लिहूनही ठेवलं.

बेकरीवाल्या बाईंना मी पुन्हा बोलावून घेतलं. त्या पाव लावून झाल्यावर सकाळी दहाला आल्या, अंगाला लोण्याचा वास. मी विचारलं, "भुवईला काही लागलं का हो तुमच्या?"

त्यांनी बोटानं बरोबर तीच जागा चाचपली, न बघता. "हे होय. हे लहानपणचं आहे."

"पहिल्या फोटोत नव्हतं."

"तुमच्या फोटोतली गंमत तुम्हालाच माहीत," त्या हसत म्हणाल्या. "मी पाच-सहा वर्षांची असेन. लोखंडी फाटकावर उभी राहून झोका घेत होते. आतून कुणीतरी हाक मारली, म्हणून मान वळवली, आणि फाटक भिंतीवर आपटलं. रक्ताळलेला फ्रॉक अजून आठवतो. पिवळा होता."

मी त्यांच्या भुवईवर बोट टेकवलं. चाचणीत असं करायचं नसतं, पण मला कळायलाच हवं होतं. रेघ कडक लागली, त्वचेपेक्षा किंचित वर आलेली. खूप वर्षांची होती ती. नखाचा ओरखडा असा नसतो.

"कुणी हाक मारली होती?" मी विचारलं.

त्या आठवू लागल्या. उजव्या कपाळावर आठ्या पडल्या. डावं कपाळ मात्र गुळगुळीत, अगदी शांत राहिलं, जणू त्या बाजूला उत्तर ठाऊक होतं आणि सांगायची घाई नव्हती.

"जाऊ दे ना," त्या म्हणाल्या. "इतकं कुठे आठवतं."

५

रविवारी मावशी जेवायला आली. ही आईची धाकटी बहीण, आईपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि गेली पन्नास वर्षं आईचा प्रत्येक शब्द दुरुस्त करणं हाच तिचा छंद. दारातच ती आईकडे बघून थबकली.

"ताई, काय लावतेस काय तू? मलापण दे."

आई उजेडात उभी राहून तिला डावा गाल दाखवत होती, वळून वळून. मावशीनं आधी कौतुक केलं. मग ती थोडी मागे सरली, मान कलती करून बघत राहिली.

"कुणासारखी दिसतेस गं तू?" ती म्हणाली. "तरुणपणी तू अशी नव्हतीस."

"अशीच होते."

"मी बघत होते ना तुला रोज. तुझं गालाचं हाड एवढं वर नव्हतं. आपल्या घरात कुणाचंच नाही." मग तिनं बोट पुढे केलं. "आणि हे भुवईला काय?"

मी भात वाढत होते. पळी हातात तशीच राहिली.

"हे नाही का आठवत तुला?" आई म्हणाली. "लोखंडी फाटकावर झोका घेत होते, आतून हाक आली, मी बघायला गेले तर फाटक भिंतीवर आपटलं. केवढं रक्त. माझा पिवळा फ्रॉक."

मावशी हसायला लागली. "कुठलं फाटक, ताई? आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली दुकान होतं. आपल्याला अंगण नाही, फाटक नाही, काही नाही."

"होतं. हिरवा रंग होता. मधल्या गजाचा रंग उडालेला."

आई हे इतक्या आनंदानं सांगत होती, डोळे चमकत होते, जुनी हरवलेली वस्तू हाताशी लागावी तसं. मावशीचं हसू हळूहळू मावळलं. जेवताना ती आईच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.  निघताना जिन्यात माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "पोरी, ते बंद कर."

६

काटेबाईंना मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. मग फोन उचलला आणि बाराजणींच्या यादीतल्या एकेकीला लावला. भुवईबद्दल विचारायचं, बाकी काही बोलायचं नाही. मी समोर बसून त्यांचं पेन बघत होते. प्रत्येक फोननंतर त्या कागदावर एकच शब्द लिहीत होत्या. फाटक. फाटक. फाटक.

"या बाहेर एकत्र बसतात," त्या शेवटी म्हणाल्या. "वीस वीस मिनिटं. एकीनं गोष्ट सांगितली, बाकीच्यांनी आपली करून घेतली. असं होतं. माणसाची आठवण फार कच्ची असते."

"आणि खूण?"

"खूण मलाही सांगता येत नाही." त्या उठल्या. "चल, खाली. मला फोटो बघायचेत. आकडे नकोत, फोटो."

आमच्या कॉम्प्युटरवर एक सोय आहे. चेहरा मधोमध कापायचा, डावा अर्धा घ्यायचा, तोच उलटा करून उजवीकडे जोडायचा. म्हणजे सगळाच चेहरा डाव्या गालाचा झाला तर कसा दिसेल ते कळतं. जाहिरातवाल्यांना ते आवडतं. मी सहाव्या आठवड्याचे बारा फोटो तसे केले आणि एका ओळीत लावले.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. अकरा वर्षांत इतका स्वच्छ निकाल मी पाहिला नव्हता.  मग मला कळलं की मी कशाकडे बघते आहे.

रंग ज्याचा त्याचा होता. कुणाचा गव्हाळ, कुणाचा सावळा. पण बेकरीवाल्या बाईंचा गोल चेहरा तिथे नव्हता, पोहायला शिकवणाऱ्या बाईंचं रुंद कपाळ नव्हतं, माझ्या आईची टोकदार हनुवटी नव्हती. बारा ठिकाणी एकच बाई होती. चाळिशीच्या आतबाहेरची. वर आलेली गालाची हाडं, लांब वरचा ओठ, तोंडाचा कोपरा जरा आत ओढलेला, काहीतरी बोलायचं असून थांबल्यासारखा.

"ओळखता का तुम्ही हिला?" मी विचारलं. 

"नाही." काटेबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. त्यांच्या श्वासानं काचेवर वाफ धरत होती आणि विरत होती. "बरं झालं आपण डोळे मिटायला सांगतो," त्या म्हणाल्या.

मी पडदा बंद केला. दिवे तसेच गुंजत होते. आम्ही दोघीही आधी तू निघ, आधी तुम्ही निघा, असं न म्हणता एकदमच दाराबाहेर पडलो.

७

चाचणी त्याच दिवशी थांबवली. काटेबाईंनी साहेबांना लेखी दिलं की मिश्रणात दोष आहे. साहेब चाळीस टक्क्यांचा आकडा दाखवत टेबलावर हात आपटत राहिले. काटेबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "साहेब, मी माझ्या हातानं ते गटारात ओतून आले आहे." ते खरं नव्हतं. पण तिथून निघाल्यावर त्यांनी ते खरं केलं.

मी डब्या परत घ्यायला बसले. मला वाटलं होतं बायका भांडतील, रडतील. इतका गुण देणारं औषध कोण सोडेल? त्या एकामागून एक आल्या, डब्या ठेवल्या, सही केली. बऱ्याच डब्या निम्म्याहून भरलेल्या होत्या.

"वाईट वाटतं हो," मी बेकरीवाल्या बाईंना म्हणाले. "तुम्हाला एवढा फरक पडत होता."

"छे, त्यात काय," त्या म्हणाल्या. "पुरेसं झालंय आता."

पोहायला शिकवणाऱ्या बाईही तेच म्हणाल्या. टपाल कचेरीतल्या बाईही. शब्द तेच, आणि ते म्हणताना प्रत्येकीचा तोंडाचा डावा कोपरा आत ओढलेला.

घरी मी आईपुढे हात केला. तिनं कपाटातून डबी काढून माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली, लहान मुलाच्या हातात खाऊ द्यावा तशी. "घे," ती म्हणाली. "आता लागायची नाही."

८

काटेबाईंनी मला एक दिलासा दिला होता. "अशा क्रीमचा परिणाम कायमचा नसतो. बंद केली की दोन-तीन आठवड्यांत त्वचा मूळ पदावर येते. सुरकुत्या परत येतील. बघच तू."

मी वाट बघू लागले. जगात कुणी आपल्या आईला सुरकुत्या पडाव्यात म्हणून इतकं आसुसलं नसेल. सकाळी चहा देताना बघायचे, संध्याकाळी दिवा लावताना बघायचे. जेवायला मीही आता आईच्या उजव्या बाजूला बसायचे. तिथून ती माझी होती. दाराचा बोल्ट अडकला तरी हसायची, शेजारणीची नक्कल करायची, मला "वाळलीस" म्हणायची. पण बोलता बोलता तिनं मान वळवली आणि ती बाजू माझ्याकडे आली की मी ताटात बघायचे.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी खिडकीशी बसून ती वर्तमानपत्र वाचत होती. ऊन तिरकं येत होतं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला बारीक रेघ दिसली.

मी चहाचा कप तिथेच खाली ठेवला. गुडघ्यांवर बसून जवळून पाहिलं. एक रेघ, तिच्या खाली अजून एक. खऱ्या, खोल, माझ्या हातातल्या रेघांसारख्या खऱ्या. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी आईला मिठी मारली आणि ती म्हणाली, "अगं, पेपर चुरगळतोय."

"आई, आज माझ्याबरोबर चल. एकच फोटो."

दहा वाजता तिनं हनुवटी टेकवली. मी म्हटलं, "डोळे मिट, हसू नकोस," आणि ती हसली, आणि मीही हसले. तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि मी कामाला बसले. पहिल्या दिवसाचा फोटो खाली, आजचा त्याच्यावर, पातळ करून. जुन्या रेघांवर नव्या रेघा बसल्या की झालं.

एकही बसली नाही.

आईच्या पाच सुरकुत्या वर जायच्या, कानशिलाकडे. या दोन खाली उतरत होत्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून गालाच्या हाडाला वळसा घालून. तोंडाच्या कोपऱ्याजवळ तिसरी होती, आत वळलेली, खूप खोल. ओठांवर टाचण्यांच्या रेघांचा पत्ताच नव्हता. मी अकरा वर्षं चेहरे वाचते. सुई ओवून, हसून, उन्हात शिवत बसून अशा रेघा पडत नाहीत. हा कुणाचातरी वेगळाच जन्म होता, वेगळ्या घरातला, आणि तो जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला होता.

मी काटेबाईंना वर फोन लावला. "सुरकुत्या परत आल्या," मी म्हणाले.

"वा, छान," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदानं चढला होता. "कोणाच्या?"

त्या "बाराजणींपैकी कोणाच्या" असं विचारत होत्या. मी फोन खाली ठेवला.

९

मी दुपारीच घरी गेले. पायरीवरूनच आईचं बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं मावशी आली असेल. पाहुणा आला की आईचा आवाज असा उंच, लगबगीचा होतो, वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू होतं. दाराबाहेर चपला नव्हत्या.

मी किल्लीनं हळूच दार उघडलं. बाहेरची खोली रिकामी होती. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि कपाटाच्या आरशावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. आई आरशासमोर स्टुलावर बसली होती. उजवा तळहात तिनं चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर सपाट धरला होता, सगळी बाजू झाकून.

"…लहानपणी फार चिडकी होती," ती आरशाला सांगत होती. "हट्टी. दूध सांडलं की स्वतःच रडायची. आता नोकरी करते, फोटो काढते बायकांचे. मनानं चांगली आहे हो. दिसायला माझ्यासारखी आहे, म्हणजे…" ती थांबली आणि जरा लाजल्यासारखं हसली. "म्हणजे पूर्वीच्या माझ्यासारखी."

मग ती गप्प झाली. उत्तर ऐकताना माणूस मान हलवतो तशी हलवत राहिली. हं. हं. हो ना.

मला कुणाचा आवाज आला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. फक्त घड्याळ, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती. आई एकटी आहे, दिवसभर घरात असते, स्वतःशी बोलते, बरेच म्हातारे बोलतात. मी हे सगळं मनात नीट एकापुढे एक मांडलं. माझा हात मात्र दाराच्या कडीवरून निघत नव्हता.

आरशात तिला मी दिसले असणार.

"आलीस?" ती म्हणाली. इतकी उत्साहात होती, गाल फुललेला. "बरं झालं लवकर आलीस. तुझंच चाललं होतं. दारात काय उभी, उजेडात ये. तिला नीट दिसत नाही."

आईनं बोलावलं होतं. मी पुढे झाले, उन्हाच्या पट्ट्यात, तिच्या स्टुलाशेजारी. आईनं तळहात काढला नाही. आरशात एकच डोळा उघडा होता, डावा, आणि त्या बाईचा तो डोळा मी आजवर फक्त फोटोंत, मिटलेला पाहिला होता. तो माझ्यावरून सावकाश फिरला, कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत, घाई नसलेल्या गिऱ्हाइकासारखा. मग वर आला, आणि माझ्या डाव्या गालावर येऊन थांबला.